गच्चीवरचा वायरलेस डबा: कंपनीकडे मागायचं काय?

पाऊस सुरू झाला की वायरलेस नेट जातं, ही तक्रार ठाण्यात आणि नवी मुंबईत दर जूनला नव्याने सुरू होते. कारणही लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं: पावसाचे थेंब सिग्नल अडवतात. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी पाइपला बांधलेला जो पांढरा डबा किंवा ताटाएवढी डिश दिसते, तिच्याबाबतीत हे कारण बहुतेक वेळा खोटं असतं. कारण चुकीचं धरलं की मागणीही चुकते. मग लोक कंपनीकडे जास्त पॉवर मागतात, मोठी डिश मागतात, खोक्यावर जास्त एमबीपीएस छापलेलं पुढचं मॉडेल मागतात. खरं तर मागायला हव्यात त्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू: नीट बसणारं रबर, खाली तोंड असलेलं सॉकेट, वीज गेली त्याची वेळ लक्षात ठेवणारं घड्याळ.

आधी डबा काय करतो ते पाहू. त्यात एक छोटा संगणक, वाय-फायच्याच जातीचा रेडिओ आणि अँटेना असते. घरातला राउटर सिग्नल चहूकडे पसरवतो, हा डबा तो एका दिशेला एकवटतो. समोरच्या इमारतीवर तसाच दुसरा डबा याच्याकडे तोंड करून बसवला की दोघांमध्ये तार न टाकता नेट जातं. जिथे फायबर पोचलेली नाही, रस्ता खोदायची परवानगी अडकली आहे, सोसायटीच्या मागच्या गेटवर कॅमेरा हवा आहे किंवा नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीत एकाच कारखान्याच्या दोन शेडमध्ये रस्ता आडवा येतो, तिथे ही जोडी लावतात. जोडीला सगळे 'लिंक' म्हणतात.

आता पावसाचा हिशेब. कोपरीच्या एका गच्चीवरून खाडीपलीकडे ऐरोलीला साधारण ३ किलोमीटरची लिंक आहे असं धरू, ५.८ गिगाहर्ट्झ या फ्रीक्वेन्सीवर. डबा आणि डिश मिळून ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॉटच्या तोडीचा सिग्नल त्या दिशेने सोडतात. डीबीएम हे सिग्नलचं माप. त्यातली घट-वाढ डेसिबलमध्ये मोजतात: १० ची घट म्हणजे ताकद दहाव्या हिश्शावर, ३ ची घट म्हणजे निम्मी. मोकळ्या हवेतून ३ किलोमीटर जाताना सुमारे ११७ डेसिबल खर्च होतात. पलीकडची डिश २३ डेसिबल परत मिळवून देते. हाती उरतात उणे ५८ डीबीएम, आणि हा उत्तम सिग्नल आहे. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळला तरी या लहरींचं नुकसान किलोमीटरमागे साधारण १ डेसिबल होतं. पूर्ण अंतरभर तसाच पाऊस असला तरी ३ डेसिबल. उणे ५८ चे उणे ६१ झाले. वेग थोडा उतरेल, लिंक पडणार नाही.

६० गिगाहर्ट्झवर चालणारे नवे डबे मात्र याला अपवाद. तिथे तेवढाच पाऊस किलोमीटरमागे ३० डेसिबलच्या आसपास खातो आणि हवेतला ऑक्सिजन वरून आणखी सुमारे १५. हे डबे समोरासमोरच्या दोन टॉवरांसाठी झकास, पण खाडी ओलांडायला घेऊ नयेत. विक्रेता काहीही सांगो.

मग ५ गिगाहर्ट्झची लिंक पावसात पडते कशाने?

डबा पाणी ओढून घेतो

मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यातली दुपार घ्या. गच्चीवर ऊन, डब्यातली हवा ६० अंशांना पोचलेली. अचानक सर येते. पाच-दहा मिनिटांत डबा ३० अंशांवर येतो. आतली हवा थंड झाली की आकसते. डबा पूर्ण बंद असेल तर आतला दाब सुमारे ९ टक्क्यांनी घटतो, म्हणजे जवळजवळ ९० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी ओढ तयार होते. ही ओढ जिथे फट मिळेल तिथून हवा घेते आणि नेमकं त्या वेळी फटीवर पाणी साचलेलं असतं. थेंब थेंब करत ते आत जातं. नंतर ऊन पडलं की त्याची वाफ होते, पण आलेलं पाणी सगळं परत जात नाही, मीठ आणि धूळ तर जातच नाहीत. पावसाळाभर हाच खेळ चालतो.

यावर उपाय कंपन्यांना ठाऊक आहे. डब्याच्या खालच्या अंगाला टिकलीएवढा झिरपा बसवायचा, ज्यातून हवा जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. रेनकोटच्या चांगल्या कापडात असते तसली ही पातळ पडदी असते. रस्त्यावरच्या दिव्यांना आणि गाड्यांच्या हेडलाइटना ती सर्रास बसवतात. स्वस्त डब्यांत ती गाळतात, कारण माहितीपत्रकात तिला ओळ मिळत नाही. पहिली मागणी हीच असावी.

माहितीपत्रकात ओळ मिळते ती आयपी ६५, आयपी ६७ या आकड्यांना. त्यांचा अर्थ नीट लावायला हवा. पहिला अंक धुळीचा, ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा अंक पाण्याचा: ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकतो, ६ म्हणजे जोरदार फवाऱ्याला, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवला तरी चालतो. गंमत अशी की ७ मिळाला म्हणजे ५ आणि ६ आपोआप मिळाले असं होत नाही. त्या चाचण्या वेगळ्या आहेत. आणि गच्चीवरचा डबा कधी बुडत नाही, त्याला वाऱ्याने आडवा मारलेला पाऊस लागतो. शिवाय ही चाचणी नव्या डब्यावर होते. तीन उन्हाळे खाल्लेल्या, रबर कडक झालेल्या, खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या डब्यावर नाही. खाऱ्या हवेसाठी मिठाच्या फवाऱ्याची निराळी चाचणी असते. खाडीकाठच्या माणसाने आयपीच्या आकड्यापेक्षा तिचा निकाल मागावा.

पाणी शिरायची ठरलेली जागा म्हणजे केबलचं तोंड. नेटची केबल डब्यात जाते तिथे प्लास्टिकची ग्लँड असते: फिरवून आवळायची, आत रबराची चकती. बऱ्याच डब्यांत ही ग्लँड इतकी अरुंद असते की क्रिम्प केलेला, म्हणजे तारा दाबून पक्का केलेला, प्लग तिच्यातून जातच नाही. म्हणजे बारा मजल्यांच्या इमारतीच्या टाकीवर उभं राहून, एका हाताने शिडी धरून, आठ बारीक तारा रंगांप्रमाणे लावून क्रिम्प करायच्या. जो हे करतो तो चौथ्या वेळी ग्लँड काढून खिशात टाकतो आणि भोकावर काळी टेप गुंडाळतो. मग पावसाळ्यात बोल त्यालाच लागतात. चिरलेली, बाजूने उघडणारी रबरी चकती आणि प्लग जाईल एवढं भोक दिलं तर हा प्रश्नच राहत नाही. काही मॉडेलांत तसं असतंही. त्यामुळे 'जमत नाही' हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही.

सॉकेटचं तोंड सरळ खाली असावं. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं. हा झोल लावणाऱ्याच्या हातात आहे, पण डब्याच्या तळाशी केबल अडकवायचा आकडा दिला तर तो आपोआप पडेल.

पाणी सॉकेटमध्ये पोचलं की पुढे काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. या डब्यांना वीज त्याच नेटच्या केबलमधून मिळते. साध्या पद्धतीत केबलच्या आठ तारांपैकी ४ आणि ५ क्रमांकाच्या तारांवर धन टोक, ७ आणि ८ वर ऋण टोक असतं. पिनांवर ओल आली, वीज चालू असली, की धन टोकाचं धातू झिजायला लागतं. सोन्याचा मुलामा जातो, खालचं तांबं हिरवं पडतं. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, वेगाला आठही तारा धड लागतात, तर १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ एवढ्या चारच. त्यामुळे धन टोकाच्या पिना कुजल्या की आधी लिंक १००० वरून १०० वर येते, कुणाला कळतही नाही. काही आठवड्यांनी वीजच नीट पोचत नाही आणि डबा मधूनमधून बंद पडून पुन्हा सुरू होतो. तोवर पावसाने जोर धरलेला असतो, आणि दोष जातो ढगांकडे.

डब्याच्या सॉफ्टवेअरला ही घसरण दिसत असते. केबलचा वेग १००० वरून १०० वर आला हे त्याला त्याच क्षणी कळतं. मग एक साधा इशारा द्यायला काय हरकत आहे? 'केबलचं टोक तपासा' एवढंच. यासाठी नवा भाग लागत नाही, चार ओळींचा प्रोग्रॅम लागतो.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. एबीएस नावाचं प्लास्टिक उन्हाने पिवळं आणि ठिसूळ होतं, एएसए जास्त टिकतं. पांढरा रंग शोभेसाठी नसतो, ऊन परतवण्यासाठी असतो, म्हणून सोसायटीच्या रंगाशी जुळावा म्हणून डबा विटकरी रंगवू नये. क्लॅम्प स्टेनलेस असावा, तोही ३०४ ऐवजी ३१६ जातीचा, कारण खारं वारं ३०४ वरही गंजाचे डाग पाडतं. डिशचा झोत जितका अरुंद तितकी ती थोड्याशा वाऱ्याने दिशा सोडते. तिच्यावर घार बसली तरी. त्यामुळे आडवी-उभी दिशा बारीक स्क्रूने फिरवता येईल आणि अंशांच्या खुणा असतील असा क्लॅम्प मागावा, म्हणजे पडलेली दिशा पुन्हा लावताना तासभर फोनवर 'अजून थोडं डावीकडे' करत बसावं लागत नाही.

केबलमधली वीज

दोन सोसायट्यांनी एकाच बनावटीचे डबे घेतले आणि एकीचा रोज बंद पडतो, तर बघावं केबलकडे. बाजारात तांब्याची म्हणून विकली जाणारी बरीच केबल अ‍ॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. तिला सीसीए म्हणतात. १०० मीटर खऱ्या तांब्याच्या केबलमध्ये वर सांगितलेल्या पद्धतीने वीज पाठवली तर जाऊन-येऊन साधारण साडेआठ ओहमचा अडथळा होतो. २४ व्होल्टवर अर्धा अँपिअर ओढणाऱ्या डब्याला तिथे चारेक व्होल्ट कमी मिळतात. सीसीए केबलमध्ये अडथळा दीडपटीहून जास्त, म्हणजे सहा-साडेसहा व्होल्ट गेले. डबा जास्तीत जास्त पॉवरने पाठवायला लागला की व्होल्टेज आणखी खाली येतं आणि तो स्वतःच बंद होतो. रात्री सगळे नेट वापरतात तेव्हा हे होतं, म्हणून लोक म्हणतात 'लोड आला'.

कंपनीकडून दोन गोष्टी हव्यात. एक, २४ व्होल्टचा खासगी खाक्या सोडून केबलमधून वीज द्यायच्या ८०२.३ या मानकावर यावं. त्यात सुमारे ४८ व्होल्ट जातात, तेवढीच वीज निम्म्या प्रवाहात पोचते आणि तारेत वाया जाणारी वीज चौथ्या हिश्शावर येते. हे मानक २००३ सालापासून आहे, तेव्हा १५.४ वॉटपर्यंत होतं. २००९ मध्ये ३० वॉट झालं आणि २०१८ मध्ये ९० वॉटपर्यंत गेलं. मानकाच्या स्विचला चुकीचं उपकरण जोडलं तर तो आधी विचारतो, मगच वीज सोडतो. खासगी पद्धत विचारत नाही. त्या प्लगात कुणी लॅपटॉप खुपसला तर त्याच्या पोर्टचं नशीब. दुसरी गोष्ट: डब्याला प्रत्यक्षात किती व्होल्ट पोचताहेत तो आकडा पडद्यावर दिसावा. काही उपकरणांत दिसतो. तो दिसला असता तर वॉरंटीत परत गेलेले कित्येक चांगले डबे परत गेले नसते.

वीज कडाडते तेव्हाचा धोका वेगळा. डब्यावर थेट वीज पडणं विरळा. जवळपास पडली की लांबलचक केबलमध्ये क्षणभर विजेचा मोठा दाब तयार होतो आणि तो दोन्ही टोकांची उपकरणं घेऊन जातो. त्यासाठी दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर, पत्र्याचं आवरण असलेली शील्डेड केबल आणि इमारतीच्या खऱ्या अर्थिंगला जोडलेली तार हवी. पाण्याच्या पाइपला तार गुंडाळणं म्हणजे अर्थिंग नव्हे. आताचे पाइप पीव्हीसीचे आहेत. डब्याच्या अंगावर अर्थिंगचा एक पितळी स्क्रू असावा ही मागणी इतकी साधी आहे की ती करावी लागते याचंच नवल वाटतं.

खाडीवरची लिंक

ठाण्याच्या खाडीवरून जाणाऱ्या लिंकचा एक स्वभाव देशावरच्या लिंकमध्ये सापडणार नाही. दोन्ही गच्च्या पाण्यापासून ३० मीटर उंच आहेत असं धरा. एक सिग्नल सरळ जातो, दुसरा पाण्यावर आपटून उसळतो आणि तोही पलीकडे पोचतो. उसळलेल्या सिग्नलला साधारण ६० सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. ५.८ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ५.२ सेंटिमीटर लांबीची. दोन्ही सिग्नल तालात पोचले तर एकमेकांना बळ देतात. अर्ध्या लहरीने चुकले तर एकमेकांना खातात. पाण्याची पातळी जेमतेम दोन फुटांनी बदलली की ताल अर्ध्या लहरीने बदलतो. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. म्हणजे एका भरतीत सिग्नल अनेकदा चढतो आणि अनेकदा पडतो.

हे ओळखायचं कसं? भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. लिंक आज दुपारी बाराला डुलली, उद्या पावणेएकला, परवा दीडला, तर दोष डब्यात नाही, चंद्रात आहे. पण हे दिसायला आठवडाभराचा सिग्नलचा आलेख हवा. बहुतेक डबे शेवटच्या काही मिनिटांचाच दाखवतात. दर मिनिटाला एक आकडा, असे महिनाभराचे आकडे साठवायला पन्नासएक हजार नोंदी लागतात. आजच्या कुठल्याही मेमरी चिपला ते जड नाही.

डिश थोडी वर झुकवून हा प्रश्न फारसा सुटत नाही, कारण उसळलेला सिग्नल सरळ सिग्नलपासून जेमतेम एका अंशावर असतो, दोन्ही एकाच झोतात येतात. खरा उपाय दोन अँटेना वेगवेगळ्या उंचीवर लावायचा: एकीवर खड्डा पडला तर दुसरीवर नसतो. किंवा एकाच वेळी दोन वेगळ्या फ्रीक्वेन्सी वापरायचा. किंवा जागाच अशी निवडायची की सिग्नल जिथे आपटतो तिथे मोकळं पाणी नसून खारफुटी आहे; ओबडधोबड झाडोरा सिग्नल विखरून टाकतो. खाडीकाठची खारफुटी फ्लेमिंगोंच्या आणि पुराच्या संदर्भात चर्चेत असते, रेडिओवाल्यांवरही तिचे उपकार आहेत.

याच ठिकाणी 'समोर दिसतंय ना, मग झालं' हा समज तपासावा. सिग्नल दोऱ्यासारखा सरळ जात नाही, मध्यभागी तो फुगतो. ३ किलोमीटरच्या लिंकला मधोमध सव्वासहा मीटर त्रिज्येची जागा लागते, आणि तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे पावणेचार मीटर. मधल्या इमारतीची टाकी डोळ्यांना आड येत नसली तरी सिग्नलला येते. लिंक लावताना मोकळी असलेली वाट दोन वर्षांनी बांधकामाची क्रेन अडवते. घोडबंदर पट्ट्यात हे इतकं सवयीचं झालंय की त्याबद्दल कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही.

गोंगाट

५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय बाहेर वापरायला सरकारने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या प्रमाणावर मोकळा केला. परवाना नाही म्हणजे शुल्क नाही, आणि संरक्षणही नाही: शेजारच्या डब्याने तुमच्या सिग्नलवर गोंगाट केला तर तक्रार कुठेच चालत नाही.

साधं वाय-फाय बोलण्याआधी ऐकतं. शांतता असेल तर बोलतं. हे घरात छान चालतं. गच्च्यांवर फसतं, कारण एका मोठ्या अँटेनाकडे तोंड करून दहा डबे बसलेले असतात आणि त्यांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. लग्नाच्या पंगतीत दहा टोकांना बसलेले दहा जण एकाच वाढप्याला हाका मारतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच हाक मारतोय, तसं. वाढप्याला काहीच कळत नाही. म्हणून चांगल्या उपकरणांत प्रत्येकाला बोलायची पाळी वाटून दिलेली असते. याला टीडीएमए म्हणतात. पण ज्या त्या कंपनीचा टीडीएमए वेगळा. एका पाइपवरच्या दोन कंपन्यांच्या अँटेना एकमेकींच्या पाळ्या जाणत नाहीत, त्यामुळे एक ऐकत असताना दुसरी तिच्या कानात ओरडते. जीपीएसच्या वेळेवर सगळ्यांनी पाळ्या जुळवायच्या, आणि त्यासाठी कंपन्यांनी समाईक ठरवायचं, ही मागणी एकट्यादुकट्याची नाही, छोट्या नेटवाल्यांनी मिळून करायची आहे. मला स्वतःला ती लवकर मान्य होईल असं वाटत नाही. गिऱ्हाईक एकदा अडकलं की कंपनीला ते सुटायला नको असतं.

लगेच मान्य होण्यासारखी मागणी चॅनलच्या, म्हणजे डबा वापरतो त्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्याच्या, रुंदीची आहे. खोक्यातून काढल्यावर डबा बहुधा ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर लावलेला असतो, कारण त्यात खोक्यावरचा मोठा आकडा मिळतो. पण रुंदी दुप्पट केली की पकडला जाणारा गोंगाटही दुप्पट होतो, ३ डेसिबलने. २० वरून ८० वर गेलं तर ६ डेसिबल. वर, एवढी रुंद मोकळी जागा ठाण्यासारख्या शहरात मिळतच नाही, कुणाच्या ना कुणाच्या चॅनलवर पाय पडतो. सोसायटीच्या आठ कॅमेऱ्यांना २० मेगाहर्ट्झ भरपूर होतं. डब्याने सुरुवातीलाच 'किती वेग हवा?' असं विचारून रुंदी निवडावी. आणि आसपासचा गोंगाट पाहण्यासाठी चालू लिंक बंद करावी लागू नये; कित्येक डब्यांत अजून ती करावी लागते. डिशच्या मागून आणि बाजूने येणारा गोंगाट अडवायला पत्र्याची कड लावलेली डिश किंवा शिंगाच्या आकाराची अँटेना उपयोगी पडते. कंपनीच्या कागदावर पुढचा फायदा ठळक असतो, मागून किती अडतं तो आकडा शोधावा लागतो. खरेदी करताना तो आधी बघावा.

जास्त पॉवर मागू नका हे इथे स्पष्ट होईल. नियमाने मर्यादा आहेच. ती नसती तरी तुमचा डबा ओरडला म्हणून समोरच्याचं बोलणं तुम्हाला जास्त ऐकू येत नाही. आणि शेजारच्याने तेच केलं की दोघेही पहिल्या जागी.

डब्याची स्मरणशक्ती

बहुतेक डब्यांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की त्यांचं कॅलेंडर बऱ्याचदा १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं आणि नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तिथेच राहतं. लिंकच पडलेली असेल तर खरी वेळ मिळत नाही. म्हणजे ज्या रात्री काय झालं हे जाणून घ्यायचंय, त्याच रात्रीची नोंद १९७० ची. त्यात नोंदी तात्पुरत्या मेमरीत असतात, वीज गेली की पुसल्या जातात. एक छोटा कपॅसिटर बसवला तर घड्याळ काही तास जिवंत राहू शकतं. फायबरच्या घरगुती डब्यांत एक सोय असते: वीज जाताना उरलेल्या क्षणभराच्या विजेवर तो 'माझी वीज गेली' असा शेवटचा निरोप पाठवतो. ती वायरलेस डब्यातही आली तर नेटवाल्याला कळेल की सोसायटीचा एमसीबी पडलाय, गच्चीवर चढायची गरज नाही.

दूरवरून सेटिंग बदलताना एक चुकीचा आकडा पडला की डबा कायमचा हरवतो आणि माणसाला पलीकडच्या गच्चीवर जावं लागतं. मायक्रोटिक कंपनीच्या उपकरणांतल्या 'सेफ मोड'मध्ये संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे घेतले जातात. ही सोय मुळातच चालू असायला हवी, शोधून चालू करायची नव्हे.

आणि अपडेट. २०१६ च्या मे महिन्यात युबिक्विटी कंपनीच्या गच्च्यांवरच्या रेडिओंमध्ये एक वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरस, शिरला आणि अनेक देशांतले डबे बंद पाडत गेला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट आदल्या वर्षीच्या जुलैत आलेलं होतं. लोकांनी ते टाकलं नव्हतं, कारण चालू लिंकला हात लावायची भीती वाटते, आणि ती अगदीच चुकीची नाही: अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर डबा विटेच्या तोलाचा होतो. उपाय डब्यात सॉफ्टवेअरच्या दोन प्रती ठेवण्याचा आहे. नवी चालू झाली नाही तर जुनीवर परत यायचं. एवढी हमी मिळाली तर लोक पहाटे तीनला आपोआप अपडेट होऊ देतील.

सूचना लिहायची कशी

'तुमचा डबा पावसात बंद पडतो' या वाक्यावर कंपनीतला इंजिनिअर काहीच करू शकत नाही. त्याच्या टेबलावर पाऊस नसतो. त्याला पुन्हा घडवून पाहता येईल असं काहीतरी द्यायला हवं. उदाहरणार्थ: 'मॉडेल अमुक, फर्मवेअर तमुक. डबा १४ व्या मजल्यावर, खाडीपासून ५०० मीटर, तोंड पश्चिमेला. केबल शुद्ध तांब्याची, शील्डेड, ४५ मीटर. १८ महिन्यांनी केबलचा वेग १००० वरून १०० वर आला, पाच आठवड्यांनी डबा रोज आपोआप सुरू-बंद होऊ लागला. सॉकेट उघडल्यावर ४ आणि ५ क्रमांकाच्या पिना हिरव्या, बाकीच्या स्वच्छ. फोटो जोडले आहेत. ग्लँडमधून तयार प्लग जात नाही, म्हणून ती गच्चीवर नीट बसवता येत नाही. बाजूने चिरलेली चकती द्यावी आणि वेग घसरल्याचा इशारा सॉफ्टवेअरमध्ये द्यावा.' यात तक्रार आहे, कारण आहे, पुरावा आहे आणि कंपनीला परवडेल असा उपाय आहे.

एका पत्रात एकच मागणी लिहावी. दहा मागण्यांचं पत्र दहा विभागांत फिरतं आणि कुणाचंच राहत नाही. फोटो पिना ओळखू येतील इतक्या जवळून घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी. व्होल्टेज मोजायचं ते गच्चीच्या टोकाला, खालच्या अ‍ॅडॉप्टरजवळ नव्हे. पासवर्ड आणि सार्वजनिक आयपी पत्ता असलेली फाइल आहे तशी पाठवू नये. आणि खराब झालेला डबा दुकानदाराला परत देण्याआधी त्याचं सॉकेट उघडून बघावं, कारण परत गेलेल्या डब्यावर कंपनी 'पाणी शिरलं, वॉरंटी नाही' एवढाच शेरा मारते, आणि पाणी कुठून शिरलं ते तिच्याही वहीत राहत नाही.